मुकी जीप

शिरपुरात निंबा मिस्त्रीबद्दल लोक म्हणायचे, "त्याच्याकडे जीप रडत जाते आणि मुकी होऊन येते." म्हणणाऱ्याला वाटायचं आपण कौतुक करतोय. निंबा मात्र तेवढ्यापुरता मान खाली घालून पाना पुसत बसायचा. माणूस मोठा लाजाळू, असा गावाचा समज. लाज त्याला वाटायची हे खरंच. कशाची, ते दोघांनाच ठाऊक होतं. एक त्याची बायको मंदाबाई आणि दुसरा धुळ्याचा रुपचंद.

गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची. बोराडीच्या रस्त्याला कडुलिंबाखाली निंबाची पत्र्याची शेड होती. सातपुड्यात चढणाऱ्या जिपा त्याच्याकडे यायच्या: जंगल खात्याच्या, ठेकेदारांच्या, आणि लष्कराच्या लिलावात निघालेल्या म्हाताऱ्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या. या जिपांच्या पोटाखाली गिअरबॉक्सला चिकटून एक बिडाची पेटी असते. इंजिनाकडून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून द्यायची हे तिचं काम. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. मिस्त्री लोक नुसतं ट्रान्सफर. निंबा म्हणायचा, "ही घरातली मधली सून. पुढच्यांचंही हिनंच करायचं, मागच्यांचंही हिनंच. आणि जेवली का म्हणून विचारायला कोणी नाही."

जेवण म्हणजे ऑइल. त्या बाबतीत निंबाएवढी कडक सासू पंचक्रोशीत नव्हती. इंजिनाचं ऑइल ट्रान्सफरमध्ये ओतणाऱ्याला तो शेडमधून हाकलायचा. "ताक पाजून पहिलवान पोसतो का रे?" नव्वद नंबरचं जाड ऑइल घालायचं, दात फारच झिजले असतील आणि वर वैशाख असेल तर एकशे चाळीस. आधी वरचं बूच उघडायचं, मगच खालचं. खालून सगळं सांडलं आणि वरचं गंजून बसलेलं निघालं, तर जीप जागेवर उपाशी. सपाट जागी उभी करून वरच्या भोकातून ऑइल ओघळेपर्यंत भरायचं, पुढे थेंब नाही. गिअरबॉक्सचंही त्याच वेळी बघायचं, कारण मधलं सील गेलं की एकीचं ऑइल चोरपावलांनी दुसरीकडे जातं. एक उपाशी, दुसरीला अजीर्ण. नदीतून जीप काढली असेल तर ऑइल बोटांवर चोळायचं. चहाच्या रंगाचं दिसलं की पाणी शिरलंय. आणि पेटीच्या डोक्यावर श्वासाचं बारीक भोक असतं, ते तारेनं मोकळं करायचं, नाहीतर आतली गरम वाफ सील फाडून बाहेर येते.

हे सगळे लाड चालवायच्या जिपांचे. विकायच्या जिपांची गोष्ट वेगळी.

रुपचंद हा जुन्या जिपांचा दलाल. तो जीप घेऊन आला की हातात पिशवी असायची आणि पिशवीत पिकून काळी पडलेली बसराई केळी. पाहुण्याकडे आल्यासारखा तो पिशवी बाकावर ठेवायचा. दात झिजलेली ट्रान्सफर चालताना कोल्ह्यासारखी ओरडते. गिऱ्हाईक ते ओरडणं ऐकून पळतं. मग निंबा केळी कुस्करून एकशे चाळीस नंबरात कालवायचा आणि पेटी गळ्यापर्यंत भरायचा. झिजलेल्या दातांत केळ्याचा लगदा बसला की जीप गप्प. दुसरीकडचे मिस्त्री यासाठी लाकडाचा भुसा वापरत. निंबाला त्यांचा राग यायचा. "भुसा दाणेदार असतो, बेरिंग खातो," असं तो अगदी न्यायाधीशासारखं सांगायचा. केळीच्या मुलखात राहून भुसा घालायचा म्हणजे त्याला कमीपणा वाटत असणार.

त्याचा एकच नियम होता. रुपचंदनं जीप कोणाला विकली, ते सांगायचं नाही. "नाव सांगू नको, मी विचारणार नाही." नाव नसलं की माणूस नाही, आणि माणूस नाही तर पाप नाही, असा तो हिशेब. मंदाबाई कधीतरी म्हणायची, "कोनी तरी घेतच आसीन ना." निंबा ऐकू न आल्यासारखं करायचा. जिपेच्या पोटातली टिचकी ओळखणारा माणूस बायकोपुरता बहिरा होऊ शकतो.

चैत्रातल्या एका सकाळी शेडसमोर एक हिरवी जीप येऊन उभी राहिली. चालवत होता त्याचा जावई पंडित, भडगावचा. शेजारी लेक लता, मांडीवर तान्हं नातवंड. पंडित इतके दिवस दुसऱ्याचा ट्रक चालवायचा. ती नोकरी त्यानं सोडली होती, आणि आता भडगाव-पाचोरा स्वतःची जीप चालवणार होता.

निंबा बाकावरून उठला तो अर्ध्यातच थांबला. जीप लिलावातली, वयानं पंडितच्या बरोबरीची. आणि आली होती ती कशी, तर मांजरीसारखी. त्या वयाची जीप इतकी गप्प नसते.

"मामा, कशी वाटली?" पंडित उतरून पाया पडला. "धुळ्याहून घेतली, रुपचंदभाऊंकडून. मी आधी घेतच नव्हतो. ते म्हणाले, शिरपूरच्या मिस्त्रीच्या हातची आहे. मी मनात म्हटलं, शिरपूरचा मिस्त्री म्हणजे आमचे मामाच. मग काय बघायचं राहिलं? डोळे मिटून घेतली."

"त्याला सांगितलं का, मी तुझा कोण ते?"

"नाही. म्हटलं तुम्हालाच अचानक दाखवू."

निंबा जिपेखाली सरकला. वरच्या बुचाला जांभळ्या दोऱ्याचा वेढा होता. मंदाबाईच्या शिलाई मशीनवरचा दोरा. बूच घट्ट बसावं म्हणून तो नेहमी तोच गुंडाळायचा. पेटीच्या मागच्या सीलपाशी नुकताच ओलावा धरला होता. निंबा तसाच पडून राहिला. वर नातवंड रडत होतं आणि लता त्याला म्हणत होती, "आबा बघताहेत ना आपली गाडी, आता हिला काही होत नाही."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ऑइल बदलून टाकू. आज राहा. सकाळी बघतो."

"आताच बदला ना, मी धरू लागतो," पंडित बाही सारत म्हणाला. तो मुलगा शिकायला असा उत्सुक की निंबानं पाना उचलला की याचं नाक पान्याला लागलेलं. याच्यासमोर खालचं बूच उघडलं तर काय पडणार ते निंबाला दिसत होतं.

"आता नको. गरम आहे."

तेवढ्यात मंदाबाई नवं लुगडं नेसून बाहेर आली. तिची बहीण भागाबाई वर डोंगरातल्या पाड्यावर राहायची, नवरा वनरक्षक. तिथे एस.टी. जात नव्हती. "चला," ती म्हणाली. "आज भागाकडे जाऊ."

"आज नको. ऊन भलतं शे. सकाय जाऊ."

"ऊन काय आजच उनं का? इतली वरीस व्हयनात, मनी बहीण डोंगरमा राहस. आज जवाईनी जीप दारमा उभी शे, आन तुम्ही म्हंतस सकाय जाऊ?"

निंबानं तिच्याकडे रोखून बघितलं. तिनं जीप बघितली, त्याचा चेहरा बघितला, आणि तिच्या तोंडावरचं हसू जरा हललं. पण लता आधीच मागे चढून बसली होती. जाऊ नका म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं. निंबानं पान्यांची पिशवी आणि नव्वद नंबरचा एक डबा पोत्यात गुंडाळून सीटखाली सारला आणि पंडितच्या शेजारी जाऊन बसला.

"डबा कशाला, मामा?"

"सवय आहे."

बोराडीपर्यंत जीप लोण्यासारखी गेली. पंडित शीळ घालत होता. निंबाचा तळपाय पत्र्यावर, बरोबर ट्रान्सफरच्या वर होता. बोराडी मागे पडली, डांबर संपलं, मुरुमाची चढण लागली तसा पत्रा त्याला चपलेतूनही गरम लागायला लागला.

"थांबव जरा. लघवीला जातो."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. मग पुन्हा. दर वेळी तो जिपेच्या मागून वाकून पेटीला हात लावून यायचा.

"मामांना साखर तर नाही ना झाली?" पंडितनं मागे वळून विचारलं.

"त्यासले साखर नही, भीती व्हयनी," मंदाबाई म्हणाली. पंडितला वाटलं थट्टा, तो हसला. निंबा हसला नाही.

पुढे नाल्याची वाट आली. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खाली कोरडा नाला, आणि मध्ये जीपभर रुंदीचा दगडगोट्यांचा चढ. पंडितनं ट्रान्सफरचा छोटा दांडा ओढून लो गिअर लावला. चारही चाकं कुरकुरत चढायला लागली. आणि गोडसर वास सुटला.

"कोन शिरा करी राह्यनं व?" लता आईला म्हणाली. "मस्त वास ई राह्यना."

तो वास मंदाबाईनं शेडमध्ये पूर्वी घेतला होता, पण तेव्हा त्यात जळकेपणा नव्हता. निंबानं पायाखाली बारीक घरघर ओळखली. केळ्याची साखर करपून घट्ट होत होती, आणि खरं ऑइल बेरिंगपर्यंत पोचत नव्हतं.

"पंडित, हळू. पण थांबू नको."

"का?"

"थांबू नको म्हणतो ना."

चढ मधोमध आला आणि खाडकन छोटा दांडा आपोआप सुटला. इंजिन मोकळं गुरगुरलं आणि जीप मागे सरकली. पंडितनं ब्रेकवर दोन्ही पाय दिले. जीप दचकून थांबली. त्यानं हँडब्रेक ओढला, पुन्हा ओढला. दांडा वर आला, जीप तरीही बोटभर घसरली.

"मामा, हँडब्रेक धरत नाही."

धरणार कसा? या जुन्या जिपांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफरच्याच शेपटीला बसवलेला असतो. गळ्यापर्यंत भरलेली पेटी तापली होती, लगद्यानं तिचं श्वासाचं भोक बुजलं होतं, वाफ कोंडली होती, मागचं सील फाटलं होतं आणि सगळा गोड चिखल ड्रममध्ये गेला होता. निंबाला हे डोळ्यांपुढे दिसलं. ते सांगायला वेळ नव्हता.

"पाय उचलू नको. लता, पोर घे आणि कातळाच्या बाजूनं उतर. मंदे, तू पण."

तो स्वतः उतरला तो धावतच मागे गेला. वाटेतला एक दगड उचलून त्यानं मागच्या चाकाखाली सारला, दुसरा दुसऱ्या चाकाखाली. जीप दगडावर टेकली आणि तो दगड कच्चकन मातीत रुतला.

"मामा, पाय वळायला लागलाय."

"वळू दे. काढू नको."

मागे वळणावर थोडी सपाट जागा होती. तिथपर्यंत जीप परत उतरवायची होती. निंबा म्हणेल तेवढाच पंडितनं ब्रेक ढिला करायचा, जीप हातभर मागे आली की निंबानं दगड लावायचा, पुन्हा दगड काढायचा, मागे न्यायचा. लता पोराला पदराखाली घेऊन कातळाला टेकून उभी होती. मंदाबाई दुसऱ्या चाकाचा दगड सांभाळायला आली. नव्या लुगड्याचा ओचा तिनं खोचला होता. एकदा दगड वेळेवर बसला नाही आणि मागचं चाक नाल्याच्या कडेवर गेलं. कडेचे चार खडे खाली गडगडत गेले. निंबानं खांदा जिपेला लावला. खांद्यानं जीप थांबत नाही हे त्याला माहीत होतं. थांबवली ती मंदाबाईच्या दगडानं.

सपाटीवर जीप आली तेव्हा पंडितला पाय उचलून बाहेर काढावा लागला. तो मातीवर बसला. नंतर उठून जिपेखाली निंबाच्या शेजारी येऊन पडला.

आता दोनच वाटा होत्या. तसंच उतरायला निघावं, तर बेरिंग कुठल्याही वळणावर जाम होऊन चाकं अडकणार. नाहीतर इथेच पेटी रिकामी करून नवं ऑइल भरायचं. डबा होता. पाने होते. निंबानं पाना खालच्या बुचाला लावला.

"मामा, आधी वरचं ना?" पंडित हळूच म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

निंबानं वरचं उघडलं. फुस्स करून वाफ आली. मग खालचं. काही पडलंच नाही. त्यानं तार घालून ढवळलं, तेव्हा काळपट, चिकट गोळा सुटला आणि मागोमाग तंतूतंतूंचा गरम लगदा खाली मातीवर पसरला. पंडितनं त्यातलं जरासं बोटावर घेतलं. हुंगलं.

"हे केळं आहे," तो म्हणाला.

निंबा तारेनं ढवळतच राहिला.

"मामा, यात कोणी केळं घातलंय." तो जिपेखालून बाहेर आला, उभा राहिला, आणि आवाज चढला. "रुपचंदनं घातलं. तुमचं नाव सांगून मला ही गाडी गळ्यात मारली. लताला, पोराला घेऊन मी हिच्यात आलो. उद्या धुळ्याला जातो आणि त्याची गचांडी धरतो चौकात."

निंबा पडल्या पडल्या पेटी धुऊन घेत होता. जरासं ऑइल ओतायचं, तारेनं ढवळायचं, सोडून द्यायचं. त्याला सुटका अशी आयती मिळाली होती. रुपचंदचं नाव निघालं होतं, रुपचंद दलालच होता, आणि दलालाची बाजू कोण ऐकतं? श्वासाचं भोक त्यानं मोकळं केलं. वरच्या भोकातून नवं ऑइल ओघळलं तसं बूच लावलं, या वेळी दोऱ्याशिवाय. काम संपलं. तरी तो बाहेर येईना.

"आबा," लता वाकून म्हणाली, "बाहेर या. तुम्ही सोबत नसता तर आज आमचं काही खरं नव्हतं." आणि पोराला म्हणाली, "बघ, आबांनी वाचवलं आपल्याला."

मंदाबाई एका दगडावर बसून हाताची माती झाडत होती. ती निंबाकडे बघत नव्हती, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

निंबा सरपटत बाहेर आला. उभा राहिला नाही. मातीतच बसून म्हणाला, "रुपचंदनी नही टाकं."

"मग कोणी?"

"मी टाकं."

पंडितला आधी समजलंच नाही. त्यानं लताकडे बघितलं, जणू ती अर्थ सांगेल. लताचा चेहरा मात्र उतरला. लहानपणी शेडमध्ये आईनं केळी सोलून ठेवलेली तिनं बघितली होती, आणि शेळीसाठी आहेत असं तिला सांगितलेलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं, मी घेणार आहे?" पंडितनं विचारलं.

"नाही."

"मग कोण घेणार होतं?"

"ते मी विचारत नाही."

"किती वर्षं विचारत नाही?"

निंबानं हात हलवला, पुष्कळ, अशा अर्थानं. पंडित त्याच्यापासून दूर जाऊन नाल्याच्या कडेला उभा राहिला. खाली वाकून बघितलं. परत आला तेव्हा त्यानं एकच विचारलं, "आता ही वर जाईल का?"

"जाईल. दांडा सुटेल, तो मला धरून बसावं लागेल. हँडब्रेक विसर."

"खाली आणेल का?"

"आणेल."

"शपथ घालू की विश्वास ठेवू?"

"दोन्ही नको. लता पोराला घेऊन चढभर पायी येऊ दे, तिची आई पण. मी तुझ्याशेजारी बसतो."

निघाले तसे. निंबानं छोटा दांडा दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरला. दांड्याच्या जागेमुळे त्याला पंडितच्या मांडीला मांडी लावून बसावं लागलं. एरवी त्या दोघांनी त्या वेळी एकमेकांजवळ बसायचं कारण नव्हतं. पंडितनं क्लच सोडला, आणि पहिल्या हातभरातच ट्रान्सफर ओरडली. झिजलेले दात, आता त्यांच्यामध्ये नुसतं ऑइल. कोल्हा ओरडावा, मग तोच कोल्हा पिंपात घालून ओरडवावा, तसा आवाज कातळावर आपटून परत येत होता. बोलायची सोयच उरली नाही. ते एक बरंच झालं.

दांडा तीनदा उसळला. निंबानं तिन्ही वेळा तो पोटानं दाबला. चढ संपला तेव्हा त्याच्या तळहाताची साल गेली होती. पंडितनं जीप थांबवली, लता आणि मंदाबाई येईपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिला, आणि सासऱ्याकडे एकदाही बघितलं नाही.

पाड्यावर जीप पोचण्याआधी आवाज पोचला. कुत्री भुंकत सामोरी आली, कोंबड्या कुडावर चढल्या, आणि भागाबाई हातातलं पीठ न झाडता अंगणात आली.

"माय व, मंदा," ती कानांवर मनगटं ठेवत म्हणाली, "केवढी बोंबलस हाई जीप. नवी लिन्ही ना तुमन्या जवाईनी? मग मिस्तरीना घरनी जीप आन अशी?"

निंबा दांड्यावरचे हात काढायचेच विसरला होता. लतानं पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

पंडित उतरला, मावशीच्या पाया पडला. "मामांनी आत्ताच वाटेत दुरुस्त केली, मावशी," तो म्हणाला. "म्हणून आवाज येतोय."

"दुरुस्त करी म्हनीसन?"

"हो. आमच्या मामांची दुरुस्ती वेगळी असते." आणि मग पहिल्यांदाच निंबाकडे वळून, भागाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "आता मामा माझ्याबरोबर धुळ्याला येणार आहेत. रुपचंदभाऊंकडे बसून राहिलेली नावं विचारायची आहेत. खूप आहेत म्हणे. नाही का, मामा?"

"हो," निंबा म्हणाला.

"सकाय?" मंदाबाईनं विचारलं.

"उद्याच," पंडित म्हणाला. "याच जिपेनं."

भागाबाईला यातलं काही कळलं नाही. पण बाई मोठी धोरणी. जावई आणि सासरा एकमेकांकडे न बघता बोलतात तेव्हा आधी वाढावं, मग विचारावं, एवढं तिला कळत होतं. ती भाकरी टाकायला आत गेली. निंबा विहिरीवर हात धुवायला गेला. ऑइल निघालं, पण सोललेल्या तळहातांना करपलेल्या साखरेचा चिकटपणा राहिला. राखेनं घासलं तरी तो लवकर सुटला नाही.